‘हा इतिहास झाला, विज्ञान कुठे आहे?’ : विज्ञान प्रदर्शनांच्या परीक्षकांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातल्या शालेय विज्ञान प्रदर्शनांचे आयोजक आणि परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मुरगावला सड्यावर राहतो. बावीस वर्षे मालवाहू बोटींवर रेडिओ ऑफिसर होतो. जुने खलाशी आम्हाला ‘मार्कोनी’ म्हणत. १ फेब्रुवारी १९९९पासून संकटाच्या संदेशांची नवी पद्धत, उपग्रह आणि स्वयंचलित रेडिओवर चालणारी, जगभरच्या व्यापारी बोटींना पूर्णपणे लागू झाली. मोर्सची किल्ली दाबणारा माणूस नको झाला, आणि मी पिशवी भरून घरी आलो. उपग्रहांनी माझी नोकरी खाल्ली असे घरात मी गमतीने म्हणतो. उपग्रहांवर राग मात्र नाही. राग आहे तो एका वाक्यावर, आणि ते तुमच्यापैकीच एकाने माझ्या नातीला ऐकवले.

नात नववीत आहे. गेल्या प्रदर्शनात तिने ‘स्पुटनिकच्या आवाजावरून बोटीचा पत्ता’ असा प्रकल्प मांडला होता. टेबलावर हाताने काढलेले दोन आलेख, मोबाइलवरचे एक रेकॉर्डिंग आणि माझा जुना, टीव्हीएवढा जड सॅटनॅव्ह, म्हणजे उपग्रह ऐकून बोटीची जागा सांगणारा रिसीव्हर. परीक्षक आले, फलक वरपासून खालपर्यंत वाचला, घड्याळ पाहिले आणि अगदी मायेने म्हणाले, “छान आहे, बाय. पण हा इतिहास झाला. यात विज्ञान कुठे आहे?”

बिचाऱ्यांनी सकाळपासून चाळीस टेबले पाहिली होती, हॉलमधले पंखे नुसतेच फिरत होते. त्या गृहस्थांना मी दोष देत नाही, नावही लिहीत नाही. बक्षिसासाठीही हे पत्र नाही. पण ते वाक्य मी पूर्वीही ऐकले आहे, वेगवेगळ्या हॉलमध्ये, वेगवेगळ्या तोंडून. म्हणून हे जाहीर उत्तर.

आधी तिने काय केले ते सांगतो, कारण फलकावर ते चार ओळींत उरकले होते.

वाजणारी गाडी जवळून निघून जाताना तिचा स्वर खाली उतरतो. हा प्रयोग पाव विकणाऱ्या पदेराच्या भोंप्यावर करता येत नाही, त्याची सायकल फार सावकाश जाते. म्हणून तिने मामाला पकडले. रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना, मामा मोटारसायकलवरून ताशी पन्नासच्या वेगाने, हॉर्नवर बोट ठेवून, तिच्यासमोरून सात वेळा गेला. (शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. कोणी काय म्हटले ते इथे लिहिण्याजोगे नाही.) हॉर्नचा स्वर मुळात ४१० हर्ट्झचा. गाडी येताना मोबाइलवर ४२७च्या आसपास दिसला, जाताना ३९४च्या. इतके पाठ्यपुस्तकात असते. खरी गंमत पुढे आहे. रस्त्याला लागून पाच पावलांवर उभी राहिली तेव्हा स्वर खाडकन खाली पडला. वीस पावले मागे सरकली तेव्हा तोच स्वर घसरगुंडीवरून उतरल्यासारखा सावकाश खाली आला. म्हणजे गाडीचा वेग ठाऊक असेल, तर डोळे मिटून नुसत्या स्वराच्या उतारावरून सांगता येते की आपण रस्त्यापासून किती लांब उभे आहोत. तिच्या गणितात वीस पावलांची तेवीस झाली. सड्यावरच्या वाऱ्यात आणि मामाच्या गाडीवर, मला वाटते, हे उत्तम उत्तर आहे.

१९५७च्या ऑक्टोबरात अमेरिकेत मेरीलँडच्या एका प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख या दोन तरुणांनी हेच केले. ४ ऑक्टोबरला रशियाने स्पुटनिक सोडला होता. ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलोचा गोळा. त्याचा एक ट्रान्समीटर २० मेगाहर्ट्झच्या जवळ बीप-बीप करत होता, आणि ही जागा मुद्दाम निवडलेली, साध्या हौशी रेडिओवाल्यालाही ऐकू यावी म्हणून. या दोघांना कोणी हुकूम केला नव्हता. त्यांनी रिसीव्हर लावला, आवाज टेपवर घेतला आणि स्वर कसा उतरतो ते मोजत बसले. एका फेरीत तो हजारेक हर्ट्झने खाली येई. त्या उतारावरून त्यांनी उपग्रहाची कक्षा काढली.

पुढच्या वसंतात त्यांचा वरिष्ठ फ्रँक मॅक्लूर याने विचारले, हेच गणित उलटे सुटेल का? उपग्रह कुठे आहे ते ठाऊक असेल, तर ऐकणारा कुठे आहे ते काढता येईल का? विचारायला कारण होते. अमेरिकी नौदलाला पोलारिस क्षेपणास्त्रे डागणाऱ्या पाणबुड्या हव्या होत्या, आणि आपण नेमके कुठे आहोत हे पाणबुडीलाच ठाऊक नसेल तर क्षेपणास्त्राचा नेम कसला! त्यातून ‘ट्रान्झिट’ ही उपग्रहांची मालिका आली. १९६४पासून नौदलाला आणि १९६७पासून व्यापारी बोटींना ती मिळाली. आमच्या चार्टरूममध्ये जो खोका होता तो तिचाच. आज खिशातला फोन सेकंदाला जागा सांगतो. तेव्हा उपग्रह क्षितिजावर येण्याची वाट पाहावी लागे, मग दहा-पंधरा मिनिटे तो ऐकायचा, आणि शेवटी कागदाच्या पट्टीवर अक्षांश-रेखांश उमटत. ते उमटले की सेकंड मेट, म्हणजे बोटीचा मार्ग आखणारा अधिकारी, चहा सोडून धावत येई.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. विज्ञान कुठे आहे?

१९८३ सालची गोष्ट. आखातातून सिंगापूरला निघालो होतो. लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटाच्या उत्तरेकडून, नाइन डिग्री चॅनेल या समुद्रमार्गाने जाताना मध्यरात्रीनंतर इंजिनात काही बिघडले आणि वेग तेरा नॉटवरून नऊवर आला. थोड्या वेळाने सॅटनॅव्हने जागा दिली. सेकंड मेटने दीपस्तंभाचा कोन घेतला, रडारवर अंतर पाहिले आणि दोन्ही नकाशावर मांडले. दोन खुणांमध्ये जवळजवळ एक मैल. आकाशातला नवा उपग्रह एक सांगतो, १८८५ सालचा दीपस्तंभ दुसरे. कप्तानाने क्षणाचाही विचार न करता दीपस्तंभ धरला आणि मला हाक मारली : “मार्कोनी, तुझा डबा खोटे बोलतोय.”

डबा खोटे बोलत नव्हता. उपग्रह डोक्यावरून जातो त्या दहा-पंधरा मिनिटांत बोटही सरकत असते. ती किती सरकली हे खोक्याला आपण सांगायचे असते, आणि आमच्या खोक्यात वेग हाताने भरायचा होता. तिथे अजून तेरा लिहिलेले. वेगात एक नॉटची चूक झाली की जागेत पाव मैलापर्यंत चूक होते. चार नॉटची चूक, एक मैल. वेग बदलला, गणित पुन्हा केले, खूण दीपस्तंभाच्या खुणेजवळ आली.

पण मला झोप येईना. इतके हुशार यंत्र, आणि त्याला बोटीचा वेग नेमका सांगावा लागतो? असे अर्धवट कोणी का बनवले? रिसीव्हरच्या जाडजूड मॅन्युअलमध्ये काय करायचे ते सगळे होते, ते तसे का हे कुठेच नव्हते. उत्तर कितीतरी वर्षांनी, ट्रान्झिटचा इतिहास वाचताना मिळाले. पद्धत पाणबुडीसाठी बेतलेली होती. पाणबुडीत जडत्वावर चालणारी दिक्चालन यंत्रणा असते, तिला आपला वेग आधीच बिनचूक ठाऊक असतो. तिला उपग्रह हवा होता तो मधूनमधून साचलेली चूक पुसायला. त्या गिऱ्हाइकासाठी यंत्रात काही कमी नव्हते. ते जेव्हा आमच्यासारख्या, बंद पडत चाललेल्या इंजिनाच्या मालवाहू बोटीवर आले, तेव्हा ते अर्धवट ठरले. हे कळल्यावरच मला जीपीएस कळले. एकाच वेळी चार उपग्रह का लागतात, प्रत्येकात अणुघड्याळ का ठेवावे लागते, हे सारे ट्रान्झिटच्या उणिवांना दिलेले उत्तर आहे. ट्रान्झिट ३१ डिसेंबर १९९६ला बंद झाले.

यंत्र कसे चालते हे मॅन्युअल सांगते. ते कुठे फसेल हे कळायला त्याचा जन्म कुणाच्या घरी, कुणाच्या गरजेतून झाला ते शोधावे लागते. या शोधाला तुम्ही इतिहास म्हणा, मी त्याला दुरुस्ती म्हणतो.

आता त्याच प्रदर्शनातले दुसरे टेबल. पहिले बक्षीस मिळाले ते चांद्रयान-३च्या लँडरला. थर्माकोल, सोनेरी कागद, खाली लाल एलईडी आणि उदबत्तीचा धूर. मुलांनी मेहनत भरपूर घेतली होती, टाळ्या मीही वाजवल्या. पण लँडरच्या पोटाखाली इंजिने पाच होती. चार कोपऱ्यांना, एक मध्यभागी. ही रचना चांद्रयान-२ची. तो लँडर सप्टेंबर २०१९मध्ये चंद्रावर आदळला. त्याचा अभ्यास झाला, आणि पुढच्या खेपेला मधले इंजिन काढून टाकले. उतरायची जागाही ५०० मीटर बाय ५०० मीटरवरून ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली. पाय बळकट केले, इंधन वाढवले. २३ ऑगस्ट २०२३ला आपण सगळ्यांनी टीव्हीसमोर जे पाहिले, ते त्या आदळण्याच्या बारकाईने लिहिलेल्या इतिहासातून आले. मुलांनी चित्र जुन्या यानाचे उचलले होते. ‘तुमचे पाचवे इंजिन कुठून आले?’ हे तुमच्यापैकी एकाने विचारले असते तर त्या मुलांना चांद्रयान-३ समजले असते. बक्षीस मग खुशाल द्यायचे होते.

तुम्ही म्हणाल, एवढा उत्साह असेल तर मुले इस्रोच्या पुस्तिका वाचतील. वाचू देत. पण पुस्तिकेत यशाची तारीख असते, कारण नसते. एसएलव्ही-३ या भारताच्या पहिल्या उपग्रहवाहक अग्निबाणाचे १८ जुलै १९८०चे यश प्रत्येक सामान्यज्ञानाच्या पुस्तकात आहे. त्याच्या आधी १० ऑगस्ट १९७९ला पहिला अग्निबाण बंगालच्या उपसागरात पडला, आणि तो पडला दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणातल्या एका अडकलेल्या झडपेमुळे, त्यातून ऑक्सिडायझर, म्हणजे इंधन जाळायला लागणारे द्रव्य, गळून गेल्यामुळे, ही गोष्ट नळ दुरुस्त करणाऱ्यालाही समजेल. मुलांना समजणार नाही असे का धरून चालायचे?

कागद जपले तरी सगळे जपले जाते असेही नाही. माणसांना चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न-५ अग्निबाणाचे एफ-१ इंजिन पुन्हा समजून घ्यावे म्हणून नासाच्या तरुण अभियंत्यांनी २०१२-१३च्या सुमारास जुने इंजिन संग्रहातून काढून सुटे केले. आराखडे होते. पण प्रत्येक इंजिन हाताने जोडताना वेल्डरने जागच्या जागी काय फेरफार केले, ते आराखड्यात नव्हते. ते त्या माणसांच्या हातात होते, आणि ती माणसे बहुतेक निवृत्त झालेली किंवा गेलेली. शेवटी सुटे भाग स्कॅन करून एकेक गोष्ट उलगडावी लागली. त्याच नासात अपोलो-११च्या चंद्रावरच्या थेट प्रक्षेपणाच्या मूळ टेपा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. टेपांचा तुटवडा होता, कारण एवढेच. आपल्या कचेऱ्यांतही असेच होते म्हणून कोणी हसू नये.

उलट उदाहरणही आहे. १९७७ साली सुटलेले नासाचे व्हॉयेजर-१ हे यान नोव्हेंबर २०२३मध्ये बरळू लागले. सिग्नल येत होता, अर्थ लागत नव्हता. यान २४०० कोटी किलोमीटरवर, संदेश जायला साडेबावीस तास, उत्तर यायला तितकेच. यानावरच्या संगणकातली स्मृतीची एक चिप मेली होती. पन्नास वर्षांपूर्वीचे कागद चाळून, आज कोणी वापरत नाही अशा पद्धतीचा प्रोग्रॅम समजून घेऊन, अभियंत्यांनी त्या चिपवरचा भाग तुकडे करून दुसरीकडे हलवला. एप्रिल २०२४मध्ये यान पुन्हा नीट बोलू लागले. जुने कागद वाचता येणे हे तिथे रोजच्या कामाचे कौशल्य होते.

हे सगळे अमेरिकेचे, श्रीहरिकोट्याचे. गोव्यातल्या मुलांनी काय शोधायचे? भरपूर आहे.

जुआंव द कास्त्रु हे नाव आपल्याला पोर्तुगीज गव्हर्नर म्हणून ठाऊक, आणि एका गोवेकराने त्याचे कौतुक का करावे हा प्रश्न रास्तच आहे. पण १५३८ साली लिस्बनहून गोव्याला येताना या माणसाने वाटेत पुन्हा पुन्हा होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते ते मोजून लिहून ठेवले. जहाजावरचे लोखंड जवळ असले की सुई बहकते हेही टिपले. आता जानेवारी २०२४मध्ये या. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आपल्या आदित्य-एल१ यानाने सहा मीटर लांबीची दांडी उघडली. तिच्यावर चुंबकीय क्षेत्र मोजणारी उपकरणे आहेत. ती यानाच्या अंगावर न बसवता एवढ्या लांब का धरली? यानाच्या स्वतःच्या चुंबकत्वाने मोजमाप बहकू नये म्हणून. पोर्तुगीज जहाजावरची तोफ आणि आदित्यची दांडी यांच्यामध्ये पावणेपाचशे वर्षांहून अधिक काळ आहे, पण दुखणे एकच. हा प्रकल्प इतिहासाचा की पदार्थविज्ञानाचा, हे तुम्ही ठरवा. मला ठरवता येत नाही.

आणि आमचा सडा. ६ डिसेंबर १९८१ला गोव्याहून अंटार्क्टिकाची पहिली भारतीय मोहीम निघाली, डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली. आज ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अंटार्क्टिकातले भारती स्थानक त्याच केंद्राच्या देखरेखीखाली, आणि त्या बर्फात आपल्या उपग्रहांची माहिती उतरवून घेणारे भूस्थानक आहे. ते तिथेच का? बोटीवरच्या कोणत्याही मार्कोनीला विचारा. ट्रान्झिटचे उपग्रह ध्रुवांवरून फिरत. आम्ही विषुववृत्ताजवळ असलो की पुढच्या उपग्रहासाठी दीड-दोन तास बसून राहायचो, उत्तर अटलांटिकमध्ये ते लवकर लवकर येत. सगळ्या कक्षा ध्रुवांजवळ एकत्र येतात, मोसंबीच्या फोडी देठाशी येतात तशा. पृथ्वीची पाहणी करणारे आपले उपग्रहही तसेच फिरतात. गोव्याच्या अँटेनाला असा एक उपग्रह दिवसातून मोजक्या वेळा दिसेल, भारतीला त्याच्या बहुतेक फेऱ्यांत. माझी नात हे फलकावर लिहिणार होती. जागा पुरली नाही.

तुमच्याकडे मागणे फार नाही. प्रदर्शनाच्या नियमावलीत ‘चालते मॉडेल’ असा रकाना असतो, त्याच्या शेजारी ‘जुन्या यंत्राचा शोध’ असा एक रकाना घाला, आणि त्याला गुण द्या. मुलांना प्रश्न विचारताना ‘हे कसे चालते’ विचारून थांबू नका, ‘आधी कसे होते आणि ते का सोडले’ हेही विचारा. उत्तर येणार नाही, पहिली दोन वर्षे तरी. नंतर येईल.

आणि थोडी घाई करा. या राज्यात घराघरात तारवटी, म्हणजे बोटींवर काम केलेली माणसे, आहेत. सेक्स्टंटवर, म्हणजे ताऱ्यांची उंची मोजायच्या यंत्रावर, तारे धरलेले, ट्रान्झिटच्या पट्ट्या फाडलेले, संशोधन-जहाजांवर विंच चालवलेले, वायरलेस दुरुस्त केलेले. त्यातले बरेच माझ्या वयाचे किंवा मोठे. कोणाच्या माळ्यावर लॉगबुक आहे, कोणाच्या कपाटात रिसीव्हरची पट्टी. गेल्या पावसाळ्याआधी आमच्याच वाड्यावरच्या एका मित्राच्या मुलांनी घर आवरताना त्याचा सेक्स्टंट पितळेच्या भावाने भंगारवाल्याला दिला. मित्र गेल्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता. मुलांना ते काय आहे ते ठाऊकच नव्हते, त्यांना बोल कसा लावायचा? शाळेतल्या एखाद्या मुलीने वर्षभर आधी येऊन ‘काका, हे काय आहे’ एवढे विचारले असते, तर ते त्यांच्याही कानावर पडले असते.

नात पुढच्या वर्षी पुन्हा भाग घेणार आहे. या वेळी दोन मोटारसायकली लागतील असे तिचे म्हणणे आहे, म्हणजे दोन उपग्रह. शेजारच्या खिडक्यांची परवानगी मी काढतो आहे.

माझा रिसीव्हर एका मोडीत निघालेल्या बोटीवरचा, कप्तानाला विचारून आणलेला. वीज दिली तर दिवे अजून लागतात. ज्यांना तो उघडून पाहायचा असेल त्या परीक्षकांनी आणि शिक्षकांनी सड्यावर जरूर यावे. कोणत्याही दिवशी चालेल. दुपारी दोन ते चार तेवढे टाळावे, त्या वेळी मी गोवेकर असतो.

आपला,
एक निवृत्त मार्कोनी
सडा, मुरगाव